ग्वेर्चीनोची रेघ, बार्तोलोत्सीचा पत्रा

दुसऱ्याच्या रेखाटनावरून केलेल्या अम्लरेखनाला कलेतिहासात नेहमीच खालच्या पंगतीत बसवले गेले आहे. फ्रान्चेस्को बार्तोलोत्सीने १७६०च्या दशकात ग्वेर्चीनोच्या रेखाटनांवरून केलेली बालयेशूसह मेरी, संत आणि भविष्य सांगणाऱ्या सिबिला यांची अम्लरेखने मात्र या प्रतवारीत बसत नाहीत. ठिपक्यांनी छटा साधणाऱ्या ज्या गोंडस चित्रांमुळे त्याला पुढे लंडनमध्ये पैसा आणि नाव मिळाले, त्यांच्यापेक्षा ही तरुणपणची कामगिरी कितीतरी सरस आहे.

जोवान्नी फ्रान्चेस्को बार्बिएरी (१५९१–१६६६) हा चेंतो गावचा चित्रकार डोळ्याच्या तिरळेपणामुळे ग्वेर्चीनो म्हणून ओळखला गेला. व्यवहारात तो चोख होता. त्याच्या कार्यशाळेची हिशेबवही बोलोन्यातील ग्रंथालयात आजही जपलेली आहे. तीवरून दिसते की तो चित्राची किंमत आकृत्यांच्या संख्येवर ठरवी आणि पूर्ण आकृतीचा त्याचा ठरलेला दर साधारण १०० दुकातोनी होता. रेखाटनांचा साठा मात्र घरातच राहिला. तो अविवाहित वारल्यावर हा ठेवा जेन्नारी आडनावाच्या भाच्यांकडे गेला आणि सुमारे शतकभर त्याच घराण्यात राहिला. ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याचा ग्रंथपाल रिचर्ड डाल्टन याने त्यातील मोठा भाग राजासाठी विकत घेतला, आणि आज तो विंडसरच्या राजसंग्रहात आहे.

अम्लरेखनात तांब्याच्या पत्र्यावर मेण व राळेचा पातळ थर देऊन त्यावर सुईने रेघ ओढतात आणि पत्रा अम्लात ठेवतात, म्हणजे उघड्या पडलेल्या रेघेपुरते तांबे खाल्ले जाते. सुईची रेघ सर्वत्र सारख्याच जाडीची पडते, तर ग्वेर्चीनोच्या पिसाच्या लेखणीची रेघ वळणावर फुगते, झटक्यात निमुळती होते आणि मध्येच तुटते. हा चढउतार आणण्यासाठी बारीक रेघा पुरेशा खोदल्या गेल्या की त्यांवर वार्निश फिरवून त्या झाकायच्या आणि उरलेल्या पुन्हा अम्लात ठेवायच्या, असा तासन्तास चालणारा खटाटोप करावा लागे. शिवाय छाप उलटा उमटत असल्याने मूळ दिशा हवी असेल तर रेखाटन पत्र्यावर उलटे उतरवावे लागे. बार्तोलोत्सी सोनाराचा मुलगा; त्याच्या बोटांत ही चिकाटी असावी यात नवल नाही. नवल आहे ते एवढ्या सोपस्कारांनंतरही मेरीच्या पदराची वळणे एका दमात ओढल्यासारखी दिसतात याचे. ग्वेर्चीनोने वापरलेली लोहयुक्त शाई कालांतराने कागद खाते, आणि त्याच्या अनेक रेखाटनांत सावलीच्या जागा जळल्यासारख्या झाल्या आहेत. त्यामुळे काही ठिकाणी मूळ रेघेची साक्ष काढायला नक्कलच उपयोगी पडते.

डाल्टनने बार्तोलोत्सीला वर्षाला ३०० पौंडांच्या बोलीवर लंडनला आणले, आणि १७६४ मध्ये तो तेथे दाखल झाला. इथूनच भांडणाला तोंड फुटले. रॉबर्ट स्ट्रेंज हा स्कॉटिश उत्कीर्णक, म्हणजे अम्ल न वापरता टोकदार हत्याराने थेट तांबे कोरणारा कारागीर, त्या काळी ब्रिटनमधील या कलेचा अग्रणी होता. पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने तो लढला होता आणि पुढे तिसरा जॉर्ज युवराज असताना त्याचे व त्याच्या मर्जीतल्या लॉर्ड ब्यूटचे व्यक्तिचित्र कोरण्याचे काम त्याने नाकारले होते, त्यामुळे दरबारात त्याला कोणी वाली नव्हता. इटलीत डाल्टनने आपल्या कामात आडकाठी आणली, असा त्याचा आरोप होता. १७६८ मध्ये रॉयल अकादमी ही कलासंस्था स्थापन झाली तेव्हा उत्कीर्णकांना सभासदत्वाची दारे बंद ठेवण्यात आली. बार्तोलोत्सी मात्र चित्रकार म्हणून संस्थापक सभासदांत जाऊन बसला. त्याच्या नावावर सांगण्याजोगी चित्रे फारशी नव्हती, आणि अकादमीच्या सनदेचा पत्रा कोरण्याचे कामही अखेर त्याच्याकडेच आले! चित्रकार चिप्रियानीच्या आरेखनावरून केलेली ती सनद म्हणजे अकादमीच्या नियमाची अकादमीनेच केलेली थट्टा होती.

स्ट्रेंजने १७७५ मध्ये लॉर्ड ब्यूटला उद्देशून लिहिलेल्या पत्रासह एक पुस्तकच छापले आणि अकादमीची स्थापना कशी झाली याचे वाभाडे काढले. पुस्तकात कडवटपणा भरपूर आहे आणि बार्तोलोत्सीच्या हुन्नराला त्यात न्याय मिळालेला नाही. तरीही उत्कीर्णकांना डावलल्याचा मूळ मुद्दा खोडून काढता येत नाही. उत्कीर्णकांसाठी अकादमीने लवकरच दुय्यम दर्जाचे सहयोगी सभासदत्व काढले, पण पूर्ण सभासदत्व त्यांना १८५०च्या दशकापर्यंत मिळाले नाही. स्ट्रेंजला १७८७ मध्ये राजाने नाइट केले, तेही त्याने बेंजामिन वेस्टच्या चित्रावरून राजाच्या दोन मृत मुलांचे उत्कीर्णन केल्यानंतर. बार्तोलोत्सी १८०२ मध्ये लिस्बनला गेला आणि १८१५ मध्ये तेथेच वारला.

पत्र्यांना त्यांच्या कर्त्यापेक्षा जास्त आयुष्य लाभले. रोममध्ये अम्लरेखक पिरानेसीने १७६४ मध्येच ग्वेर्चीनोच्या रेखाटनांवरील अम्लरेखनांचा संग्रह काढला होता, ज्यात बार्तोलोत्सीचेही छाप होते. लंडनमध्ये प्रकाशक जॉन बॉइडेलने राजसंग्रहातील रेखाटनांवरील पत्र्यांचा संच विकला. पत्रा जितका जास्त छापला जाई तितक्या बारीक रेघा झिजत, आणि बार्तोलोत्सीने वार्निशखाली जपलेल्या त्या रेघाच सर्वांत आधी नाहीशा होत. म्हणून असा छाप पारखताना कोपऱ्यातील नावांपेक्षा मेरीच्या गालावरच्या आणि मुलाच्या केसांतल्या रेघा आधी पाहाव्यात, आणि कागद उजेडासमोर धरून त्यात साच्याच्या तारांच्या समांतर खुणा दिसतात का हे तपासावे. गुळगुळीत विणीचा कागद असेल, तर छाप बहुधा पुढच्या काळातला निघतो.