बालवाडीत पडदा किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची शिफारस अशी: वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर उत्तमच. हा तास घर आणि वर्ग मिळून आहे. सकाळी कार्टून पाहून आलेल्या मुलाचा वाटा बराचसा संपलेला असतो, आणि तो हिशेब सहसा कुणी ठेवत नाही.

तीन ते आठ वयोगटासाठी केंद्राने फेब्रुवारी २०२३मध्ये आणलेल्या ‘जादुई पिटारा’त खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची पुस्तके आहेत. डिजिटल आवृत्ती नंतर आली. क्रम योग्यच म्हणायचा!

अंगणवाडी सेविकेचा मोबाइल मुख्यतः ‘पोषण ट्रॅकर’वर हजेरी, वजन, उंची भरण्यासाठी. पण मुलांनी सांगितलेली गोष्ट ध्वनिमुद्रित करून त्यांनाच ऐकवायला, अंगणातल्या मुंगळ्याचा फोटो मोठा करून दाखवायला तो झकास. बडबडगीतांचा व्हिडिओ लावून ताई रजिस्टर लिहायला बसल्या, तर तो वेळ शिकण्यात धरू नये.

पालकांनो, प्रवेश घेताना स्मार्ट बोर्ड आहे का, यापेक्षा तो रोज किती मिनिटे चालतो, हे विचारा.