फाटकाआतलं बंदर

सिमेंटच्या पोत्यावर 'पोर्टलंड' हे नाव आपण जन्मभर वाचत आलो आहोत. 1824 मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या इंग्रज गवंड्याने आपल्या नव्या सिमेंटचं पेटंट घेतलं. ते घट्ट झालं की पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं, म्हणून त्याने त्याला हे नाव दिलं. तो दगड ज्या बेटावरचा, ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात आहे. लांबी सहाएक किलोमीटर, रुंदी जेमतेम अडीच, वस्ती सुमारे 13 हजार. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल याच बेटाच्या दगडात उभं आहे आणि व्हाइटहॉलमधलं सेनोटाफ हे युद्धस्मारकसुद्धा. देशाची राजधानी घडवायला दगड देणारं हे बेट स्वतः मात्र ओढगस्तीत जगतं.

या बेटाच्या ईशान्येला माणसाने बांधून काढलेलं एक प्रचंड बंदर आहे. उन्हाळ्यात तिथे क्रूझ जहाजं लागतात. काही जहाजांवर दोन-तीन हजार प्रवासी असतात. सकाळी जहाज धक्क्याला लागतं, खाली बसगाड्या उभ्या असतात. एक स्टोनहेंजला जाते, एक कॉर्फच्या पडक्या किल्ल्याला, एक शेजारच्या वेमथच्या वाळूवर. संध्याकाळी बसगाड्या परत येतात, जहाज भोंगा देऊन निघून जातं. प्रवाशाच्या वहीत 'पोर्टलंड' अशी नोंद होते, पण पोर्टलंडच्या रस्त्यावर त्यांतल्या बहुतेकांचं पाऊल पडलेलं नसतं. बंदर खाजगी कंपनीच्या मालकीचं आहे. फाटकावर पहारा असतो आणि आत कुणालाही मोकळेपणी फिरता येत नाही.

फाटकाबाहेर लागूनच कॅसलटाउन नावाची छोटी वस्ती आहे. आठव्या हेन्रीने सोळाव्या शतकात बांधलेला पोर्टलंड कॅसल तिथेच, अगदी पाण्याला टेकून आहे. बंदरात नौदलाचा तळ होता तेव्हा इथली एकुलती एक गल्ली खलाशांनी फुललेली असे. आज त्या गल्लीतून चालताना डाव्या-उजव्या हाताला दगडी घरं, अधूनमधून बंद दुकानाच्या काचा आणि समोर एकदम तारेचं उंच कुंपण लागतं. कुंपणापलीकडे दहा-बारा मजली पांढरं जहाज उभं असेल, तर त्याच्या गच्चीवरची माणसंसुद्धा ओळखू यावीत इतकं ते जवळ दिसतं. पाण्यात काँक्रीटचे दोन भले मोठे ठोकळे उभे आहेत. 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तात्पुरतं बंदर उभारण्यासाठी जे पोकळ काँक्रीट ठोकळे बनवले गेले, त्यांतले हे दोन इथे राहिले आहेत. ओमाहा बीचवर उतरलेल्या अमेरिकन सैन्यातले हजारो सैनिक याच बंदरातून आणि शेजारच्या वेमथमधून जहाजावर चढले होते.

बंदराचा जन्म कसा झाला, ते सविस्तर सांगायला हवं. 25 जुलै 1849 रोजी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी पहिल्या लाटारोधक भिंतीची पायाभरणी केली. फ्रान्सच्या शेरबुर्गमध्ये मोठा नाविक तळ उभा राहत होता आणि त्याला उत्तर म्हणून इंग्लंडला इंग्लिश खाडीच्या या बाजूला सुरक्षित बंदर हवं होतं. दगड बेटावर मुबलक होता. हात कमी होते, म्हणून 1848 मध्ये बेटावर तुरुंग उघडला आणि कैद्यांना खाणीत जुंपलं. भिंतीचं काम 1872 मध्ये पुरं झालं. कैदी राबताना पाहायला त्या काळी पर्यटक येत, आणि खाणीलगतच्या घरांनी वरच्या मजल्यावर चहाची दुकानं थाटली होती. खिडकीत बसून चहा प्यायचा आणि खाली दगड फोडणारी माणसं बघायची. हे वाचल्यापासून मला त्या बंदराच्या भिंती नुसत्या भिंती म्हणून पाहता आलेल्या नाहीत. तो तुरुंग अजून आहे. वरच्या टेकडीवरच्या व्हर्न किल्ल्यातही 1949 पासून तुरुंग आहे. मधल्या काही वर्षांत तिथे परदेशी नागरिकांना हद्दपारीआधी डांबून ठेवलं जात असे.

पुढे शतकभर नौदल आणि पोर्टलंड हे समीकरण टिकलं. पाणतीर, पाणबुडीविरोधी संशोधन, हेलिकॉप्टर तळ, सगळं इथे होतं. शीतयुद्ध संपलं आणि 1990च्या दशकाच्या मध्यात नौदलाने तळ बंद केला. त्याच सुमारास संशोधन केंद्र गेलं, 1999 मध्ये हेलिकॉप्टर तळही गेला. एवढ्याशा बेटातून हजारो नोकऱ्या गेल्या. बंदर सरकारने विकलं. लँगहॅम इंडस्ट्रीज या खाजगी उद्योगसमूहाने ते घेतलं आणि पोर्टलंड पोर्ट ही कंपनी बंदराचा कारभार पाहू लागली. मालवाहतूक, जहाजांना इंधन, दुरुस्ती आणि क्रूझ, अशी तिची कमाई आहे. कंपनीने पडीक तळ चालता ठेवला, मोठ्या जहाजांसाठी धक्के सुधारले, हे मान्य करायलाच हवं. कंपनी नसती तर तिथे गंज चढलेल्या क्रेनपलीकडे काही उरलं नसतं, असं म्हणणारे लोक बेटावर आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही.

2012च्या ऑलिंपिकमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती याच पाण्यात झाल्या. हेलिकॉप्टर तळाच्या जागी नौकानयनाची अकादमी उभी राहिली आणि वर टेकडीवर पोर्टलंडच्या दगडात कोरलेली ऑलिंपिकची पाच कडी बसवली गेली. त्या कड्यांपाशी उभं राहिलं की एका बाजूला चेसिल बीचची मैलोन्‌मैल गोट्यांची धार दिसते, खाली बंदर, पलीकडे वेमथ. इंग्लंडमधल्या सर्वांत देखण्या दृश्यांपैकी हे एक आहे. पण ऑलिंपिकनंतर पाच वर्षांनी, 2017 मध्ये, सरकारी सोशल मोबिलिटी कमिशनने इंग्लंडमधल्या 324 स्थानिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा वेमथ-पोर्टलंडचा क्रमांक 322 वा लागला. गरीब घरातलं मूल शिकून पुढे जाण्याची संधी कुठे किती, याची ती मोजदाद होती. शेवटून तिसरा क्रमांक. हंगामी काम, अपुरी मजुरी, दूरच्या शाळा-कॉलेजांचा प्रवासखर्च, ही कारणं तिथल्या कुणालाही विचारली तरी सांगता येतील. 2019 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने किनाऱ्यावरच्या गावांवर, तर 2021 मध्ये इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी किनारी वस्त्यांच्या आरोग्यावर स्वतंत्र अहवाल दिला. दोन्हींत चित्र तेच होतं.

अशा गावात एक फाटक आणि त्याच्या आत परक्या जहाजांची ये-जा. जुलै 2023 मध्ये या फाटकाआड एक वेगळंच जहाज आलं, आणि सगळ्या देशाचं लक्ष पोर्टलंडकडे गेलं. बिबी स्टॉकहोम ही इंजिन नसलेली, 93 मीटर लांबीची, तीन मजली तरंगती निवासी बार्ज. 222 खोल्या. ब्रिटनच्या गृहखात्याने तिच्यात आश्रय मागणाऱ्या सुमारे 500 पुरुषांना ठेवायचं ठरवलं होतं. बेटाला ही जात नवी नव्हती. बिबी स्टॉकहोम ज्या बिबी कंपनीची, तिचीच पूर्वीची एक बार्ज 1997 पासून 2005 पर्यंत याच बंदरात तरंगता तुरुंग म्हणून वापरात होती आणि निरीक्षकांच्या कडक टीकेनंतर ती बंद झाली.

7 ऑगस्ट 2023 रोजी पहिली माणसं बार्जवर चढली. चार दिवसांत पाण्यात लिजिओनेला जंतू सापडले आणि 39 जणांना उतरवावं लागलं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा माणसं आणली. बंदर सुरक्षित क्षेत्र, त्यामुळे तिथून पायी बाहेर पडता येत नसे. तपासणी, मग बस, मग फाटक. त्याच हंगामात त्याच बंदरात क्रूझ जहाजंही लागत होती. त्या प्रवाशांसाठीही बस, त्यांच्यासाठीही तपासणी. एकाने तिकिटाला हजारो पौंड मोजलेले, दुसऱ्याने जीव धोक्यात घालून खाडी ओलांडलेली. 12 डिसेंबरला बार्जवर एका तरुणाचा मृत्यू झाला.

बार्ज येताच फाटकावर एकाच दिवशी दोन प्रकारचे लोक जमले होते. काहींना बार्ज नको होती कारण त्यांना परके नको होते, काहींना नको होती कारण माणसांना असं कोंबून ठेवणं त्यांना अमानुष वाटत होतं. गावातल्या स्वयंसेवकांनी पोर्टलंड ग्लोबल फ्रेंडशिप ग्रुप काढून बार्जवरच्या माणसांशी ओळख करून घेतली, त्यांना गावात फिरवलं. पोर्टलंडच्या महापौर कॅरलिन पार्क्स व्यक्तिगत नावाने न्यायालयात गेल्या. बार्जला नियोजनाची परवानगी घ्यायला नको का, हा त्यांचा प्रश्न होता. वाद येऊन ठेपला ओहोटीच्या रेषेवर. त्या रेषेपलीकडे तरंगणाऱ्या गोष्टीवर स्थानिक परिषदेचा नियोजनाचा अधिकार पोचतो का? न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं नाही. गृहखात्याने 2024 मध्ये करार न वाढवण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी 2025 मध्ये बार्ज ओढून नेली गेली.

त्याच बंदरात कचरा जाळून वीज करणारी भट्टी उभारण्याचा प्रस्ताव होता. धक्क्याला लागलेल्या क्रूझ जहाजांना किनाऱ्यावरून वीज देता येईल, हा त्याच्या बाजूने मांडलेला एक मुद्दा. 2023 मध्ये डॉर्सेट परिषदेने तो फेटाळला. 2024 मध्ये लंडनच्या मंत्रालयाने अपिलात तो मंजूर केला. बार्ज असो वा भट्टी, निर्णय कंपनी आणि राजधानी यांच्यात झाला. धूर आणि कुंपण मात्र गावाच्या वाट्याला.

क्रूझच्या धंद्यात किनारा कंपनीने ताब्यात घेणं नवं नाही. हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरचं लाबादी हे त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण. रॉयल कॅरिबियन कंपनीने 1980च्या दशकाच्या मध्यापासून ही जागा भाड्याने घेतली आहे. भोवती कुंपण, आत वाळू, घसरगुंड्या, खाणंपिणं, आणि प्रवाशामागे ठरावीक रक्कम हैती सरकारला. 12 जानेवारी 2010 रोजी भूकंपाने हैतीची राजधानी उद्ध्वस्त झाली. तीन दिवसांत कंपनीचं जहाज लाबादीला लागलं. कंपनीने मदतीचं सामान उतरवलं, हेही खरं. तरीही काही प्रवाशांना त्या वाळूवर बसून जेवण गेलं नाही, ते जहाजावरच थांबले. मार्च 2024 मध्ये देशातल्या हिंसाचारामुळे फेऱ्या थांबल्या, मधे काही महिने सुरू झाल्या, 2025 मध्ये पुन्हा थांबल्या. पोर्टलंडची हैतीशी तुलना करणं हैतीच्या दुःखावर अन्याय ठरेल. इंग्लंडमध्ये दवाखाना आहे, पेन्शन आहे, न्यायालय आहे. पण 'पाहुणा इथे येतो आणि गाव मात्र त्याला भेटत नाही', ही रचना दोन्हीकडे एकच आहे.

ती तशीच असावी लागते असं नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, वस्ती सुमारे 22 हजार. क्रूझ जहाजांची तिथे मोठी गर्दी, वर्षाला दोनशेहून अधिक फेऱ्या होतात. कर्कवॉलमधलं बंदर ऑर्कनी बेटांच्या परिषदेचं आहे, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेचं. 1970च्या दशकात उत्तर समुद्रात तेल सापडलं, तेव्हा ऑर्कनीच्या त्या वेळच्या परिषदेने संसदेकडून 1974 चा खास कायदा मिळवला, बंदराच्या कारभाराचा अधिकार आपल्या हाती ठेवला आणि तेलाच्या उत्पन्नातून राखीव निधी उभारला. तिथेही गर्दीच्या तक्रारी आहेत. एकाच दिवशी दोन मोठी जहाजं आली की स्कारा ब्रेच्या पाच हजार वर्षांच्या घरांपाशी पाय ठेवायला जागा नसते. पण किती जहाजं घ्यायची, पैसे कुठे वापरायचे, यावर भांडायला ऑर्कनीच्या माणसाला सभागृह आहे. पोर्टलंडच्या माणसाला फाटक आहे.

जहाजावरच्या लोकांबद्दलही दोन शब्द. ब्रिटिश क्रूझ जहाजांवर गोव्याची, मुंबईची, रत्नागिरीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कामाला आहेत. बंदरात त्यांना मिळाले तर दोन-तीन तास मिळतात. त्या वेळात घरी फोन, थोडी खरेदी, जमलं तर समुद्राकडे पाठ करून एक कप चहा. ज्या देशांच्या नावांनी त्यांची पासपोर्टची पानं भरतात, त्यांतल्या बहुतेक देशांचं त्यांनी फाटकच पाहिलेलं असतं.

आपल्या कोकणासाठी हा विषय दूरचा नाही. जयगडचं बंदर खाजगी आहे, दिघीचं खाजगी आहे. क्रूझ आणि सागरी पर्यटन येणार, धक्के होणार, किनाऱ्याचे करार होणार. पर्यटन यावं, कोकणाला त्याची गरज आहे. पण ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असा धक्का मागितला जाईल, तिने सही करण्याआधी चार प्रश्न लेखी विचारावेत: फाटक कुठे असेल, त्याची किल्ली कुणाकडे असेल, जहाजामागे येणाऱ्या पैशातला गावाचा वाटा किती, आणि ओहोटीच्या रेषेपलीकडे मासेमारी करणाऱ्या होड्यांना येण्याजाण्याचा हक्क कायम राहील का. उत्तरं मिळेपर्यंत ठराव पुढे ढकलण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. तो वापरावा.