सदतिसावं घर

बाणेरमधल्या एका बारच्या दारात फळा लावला होता: 'मंगळवारी कॅसिनो नाइट. प्रवेश मोफत.' पत्त्यांच्या अड्ड्यावर छापा पडल्याची बातमी आपल्याकडे पेपरात दर दोन दिवसांनी असते. त्याच राज्यात, रहदारीच्या रस्त्यावर ही जाहिरात उघडपणे कशी, हे मला कळेना. म्हणून आत गेलो.

संध्याकाळचे सात वाजले होते. टेम्पोतून आलेली दोन टेबलं मांडून झाली होती, एक ब्लॅकजॅकचं आणि एक रुलेटचं. रुलेटच्या हिरव्या कापडाला गोदामाचा ओलसर वास होता आणि त्यात किचनमधून येणारा मसाला पापडाचा वास मिसळला होता. चक्रापाशी एक मुलगी वाकून पाणसळ लावत होती. बुडबुडा मधोमध येईना, तसा तिने टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि पुन्हा पाहिलं. गवंडी भिंतीच्या थराला लावतो तीच पाणसळ. चक्र जरा जरी कललं तर गोळी एकाच बाजूच्या घरांत जास्त पडते, असं तिने सांगितलं. या टेबलावर कुणाचा एक रुपयाही लागणार नव्हता, तरी तिने तिसऱ्यांदा बुडबुडा तपासला.

ती सावंतवाडीकडची. पत्रादेवीचा नाका ओलांडून पणजीला गेली, मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर डीलरचं काम शिकली, काही वर्षं तिथे उभी राहिली. आता पुण्यात टेबलं भाड्याने देणाऱ्याकडे आहे. लग्नाचं संगीत, कंपन्यांच्या पार्ट्या आणि मंगळवारचा हा बार. प्रत्येक कार्यक्रमाचे वेगळे पैसे, महिन्याचा पगार नाही.

"काका, 37 घरं आणि पैसे 35 पट," पहिल्याच बोलण्यात तिने मला रुलेट समजावून सांगितलं. शून्य ते छत्तीस अशी 37 घरं. एका आकड्यावर पैसे लावले आणि तो लागला तर लावलेली रक्कम परत आणि वर तिच्या 35 पट. हिशोब चोख असता तर 36 पट मिळायला हवे होते. मधलं एक घर कॅसिनोचं. शंभर रुपये फिरले की सरासरी दोन रुपये सत्तर पैसे त्या घरात जातात आणि मांडवीतल्या बोटी, त्यांवरची रोषणाई, हिचा तिथला पगार, सगळं त्यातून निघतं. इथे चिप्सना किंमतच नाही. मग 37 घरं असली काय आणि 35 पट दिले काय, ते एक घर कुणालाच काही देत नाही. बारमालकाची कमाई दुसरीकडून यायला हवी.

मालक मूळचे मंगळुरू भागातले, सगळा स्टाफ त्यांना अण्णा म्हणतो. नोव्हेंबर 2023 मध्ये परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट 5 वरून 10 टक्के झाला, पुढे परवाना फी 15 टक्क्यांनी आणि त्यामागोमाग उत्पादन शुल्कही वाढलं. 14 जुलै 2025 रोजी राज्यभरातल्या बारमालकांनी याविरुद्ध बंद पाळला, त्यात अण्णाही होते. शनिवारी बार भरतोच, मंगळवारी वेटर भिंतीला टेकून उभे असतात. त्या रिकाम्या मंगळवारसाठी ही टेबलं. अण्णांनी बारीक निरीक्षण केलं आहे. ब्लॅकजॅकवर माणूस पत्त्यांत गुंततो आणि ग्लास तसाच राहतो. रुलेटवर गोळी फिरेपर्यंत हात मोकळे असतात, मग स्टार्टर येतं, दुसरी बिअर येते. शिवाय चार-चार खुर्च्यांच्या दोन टेबलांच्या जागेत रुलेटभोवती दहा-बाराजण उभे राहतात. तरीही तिसरं टेबल त्यांनी अजून मागवलेलं नाही. खुर्च्या गेल्या तर जेवणारं गिऱ्हाईक जातं.

कायद्याची बाजू त्यांना तोंडपाठ आहे आणि ती असायलाच हवी. महाराष्ट्रात जुगाराला आजही 1887 चा कायदा लागू आहे. कॅसिनोंसाठी 1976 साली वेगळा कायदा झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो मोडीत काढायचं ठरवलं. गोव्याचा जुगारबंदीचा कायदाही 1976 चाच, मात्र तिथे पुढे दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलं आणि पाण्यावरच्या बोटी यांना वाट करून दिली गेली. इकडे तशी वाट नाही. 1887 च्या कायद्यानुसार रीतसर झडतीत जुगाराची साधनं सापडली, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती जागा अड्डाच मानली जाते आणि तिथे सापडलेला माणूस खेळायलाच आला होता असं धरलं जातं. ही उलट बाजू सिद्ध करायची सोय आधीच करून ठेवायची, हेच या रात्रीचं खरं काम. प्रवेशाचे पैसे नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला सारख्याच चिप्स फुकट, संपल्या तर पुन्हा फुकट. चिप्स विकत मिळत नाहीत आणि काउंटरवर त्यांचं काही होत नाही. बक्षीस नाही, शेवटी जास्त चिप्सवाल्याचं नाव माइकवर पुकारतात, बस. टेबलाजवळ पाकीट काढायचं नाही, अशी पाटी आहे. चखणाही टेबलावर ठेवायचा नाही, पण ते कापडाला तेल लागू नये म्हणून.

नऊच्या पुढे गर्दी झाली. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं तशीच अडकवलेली मुलंमुली. रुलेटवरची ती डीलर मुलगी वीस-वीस चिप्सच्या चळती लावत होती, तळहाताने पाच-पाचचे भाग पाडत होती. गोळी मंदावली की टेबलावरून हात फिरवून 'नो मोअर बेट्स' म्हणायची आणि लागलेल्या आकड्यावर काचेची खूण ठेवायची. तासाभराने ब्लॅकजॅकवरचा मुलगा तिच्या जागी आला. टेबल सोडताना तिने दोन्ही हात एकमेकांवर हलकेच झाडले, तळवे वर केले, मग उलटे केले. तळहातात चिप लपवलेली नाही हे वरच्या कॅमेऱ्याला दाखवण्याची बोटीवरची ही रीत. इथे टेबलावर कॅमेरा नव्हता. त्या प्लास्टिकच्या चकत्या कुणी खिशात घालून नेल्या असत्या तरी कुणाचं काही गेलं नसतं. तरीही परत आली तेव्हा आणि पुन्हा गेली तेव्हा तिने हात दाखवलेच. त्या रात्री मी चक्रापेक्षा तिचे हातच जास्त पाहिले.

दहाच्या सुमाराला दोन मित्रांचं आपसात ठरलं. लाल आलं तर तू मला पाचशे जीपे कर. ते हळू बोलले होते, पण तिने ऐकलं. गोळी हातात होती, ती तिने फेकलीच नाही. एक पाऊल मागे सरून तिने तेच केलं, तळवे उघडून दाखवले आणि अण्णांना हाक मारली. अण्णांनी दोघांना शांतपणे काउंटरपाशी नेलं. "मस्करी करत होतो हो," त्यातला एक म्हणत राहिला. पण ते पाचशे खरोखर एका मोबाइलमधून दुसऱ्यात गेले असते, तर या टेबलाचं काय झालं असतं, हे तिथे सगळ्यांत आधी तिला उमगलं होतं. ज्या नियमांवर अण्णांचा परवाना टिकून आहे, ते प्रत्यक्ष पाळणारं माणूस हीच, आणि त्या खोलीत सगळ्यांत कमी पैसे घेऊन जाणाऱ्यांतही हीच. मला हे बरोबर वाटत नाही.

साडेअकराला टेबलं मिटली. अण्णांच्या डोक्यात नवी कल्पना होती: प्रत्येक दुसऱ्या पेगमागे जादा चिप्स. ती कापडाची घडी घालत होती. म्हणाली, "मग चिप्सना किंमत आली ना, अण्णा. तसं असेल तर माझ्या जागी दुसरं कुणी बघा." मला तिचंच पटलं, फक्त कायद्यापुरतं नव्हे. खेळातून मिळणारी मजा दारूच्या मापाने वाटायला लागलो की खेळ पिण्यासाठी आमिष होतो, आणि 37 घरांची ती गणितं पाठ करून आलेल्या मुलीला आमिष म्हणजे काय हे चांगलं माहीत आहे.

अण्णा वाद घालत बसले नाहीत. जवळच्या एका कंपनीने गुरुवारसाठी अख्खा बार मागितला होता. जेवणासह ठोक रक्कम, टेबलांचं भाडं कंपनीकडून वेगळं. तो हिशोब सरळ आहे, असं म्हणून त्यांनी तिला गुरुवारचे पैसे किती घेणार ते विचारलं. तिने मंगळवारच्या दीडपट सांगितले. अण्णांनी थोडं कमी करायला सांगितलं, ती नाही म्हणाली आणि त्यांनी वहीत तिचाच आकडा लिहिला.