थेंब इथे, गळती तिथे

जानेवारी २०२३मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मेळा भरला. अशा गाड्यांचं हमखास दुखणं म्हणजे इंजिनातून टपकणारं ऑइल.

थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. ऑइल ओघळतं, वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून थंड इंजिन धुऊन कोरडं पुसायचं, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवायची आणि मग ते चालू करायचं. पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. तिचं वरचं टोक म्हणजे गळतीचं मूळ.

सांध्यांमधलं जुनं कॉर्कचं पॅकिंग वाळून आक्रसतं. बोल्ट करकचून आवळले तर ते चिरडतं, ऑइल चेंबरचा पत्राही वाकतो. कधी पॅकिंग धडधाकट असतं, तरी गळती होते. ब्रीदर, म्हणजे इंजिनातले वायू बाहेर सोडणारी वाट, तुंबला की आत कोंडलेले वायू ऑइलला बाहेर ढकलतात. म्हणून इंजिन खोलण्याआधी ब्रीदर साफ करून पाहावा.