बदलीचे गाव, घाईचे घर

नागपूरहून पुण्याला बदली झाली आणि भाड्याच्या खोलीसाठी आम्ही दारोदार फिरलो. आडनाव सांगितले की खोली 'कालच गेलेली' असे! वैतागून स्वतःचेच घर घ्यायचे ठरवले. फ्लॅट २८ लाखांचा. एजंट म्हणाला, "साहेब, आजच पाच लाख भरा, करारनामा नंतर बघू." आम्ही निघालोही होतो, सौ.ने चेकबुक दडवून ठेवले.

बंधूभगिनींनो, २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे आमच्याकडून फार तर २ लाख ८० हजार! नुसत्या पावतीवर भुलू नका. महारेराचा नोंदणी क्रमांक आधी तपासा.

घर एकट्या स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत २०२१ पासून आहे. आमचे घर सौ.च्याच नावावर झाले. चेकबुकही अजून तिच्याचकडे आहे.