खुर्चीवाल्यांच्या तबकड्या

जुन्या तबकड्या जमवणं म्हणजे रिकामटेकडी हौस, असं अनेकांना वाटतं. पण ही हौस नसती तर मिसिसिपीच्या ब्लूजचा मोठा भाग कायमचा मुका झाला असता. ‘पॅरामाउंट’ हे लेबल विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीचं. चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स हे मिसिसिपीचे ब्लूज गायक तिच्यासाठी गायले. मंदीत हा धंदा बसला आणि धातूचे बहुतेक मूळ साचे नाहीसे झाले. म्हणून स्किप जेम्सची १९३१ची गाणी आज ऐकू येतात ती वाजवून वाजवून झिजलेल्या लाखेच्या तबकड्यांवरूनच, खरखरीसकट.

यावर आक्षेप असा, की संग्राहकांनी दुर्मिळतेलाच दर्जा मानलं. त्या काळी कृष्णवर्णीय श्रोत्यांत ब्लूज गायक लिरॉय कार कितीतरी जास्त खपत होता, पण गौरव झाला तो पॅटनचा. आक्षेप खरा आहे. मात्र तो तपासायची साधनंही याच मंडळींनी दिली. लेबललगतच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले आकडे त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिले. ‘एल’ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे ध्वनिमुद्रण पॅरामाउंटच्या विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनच्या स्टुडिओतलं. अशाच खुणांवरून ध्वनिमुद्रणांच्या सूच्या उभ्या राहिल्या. तेव्हा तबकडी कपाटात जपणं हे अर्धंच काम. ती वाजवून तिच्यावर वाद घालणं हे उरलेलं अर्धं.