आडनाव राहू दे, काय येतं ते सांग

रहिमतपुरातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये दोन डेस्कटॉप शेजारी शेजारी आहेत. एकाच लॉटमधले, कॅबिनेटही सारखंच. एकात इंटेलचा आय-३ ३२२०, दुसऱ्यात पेंटियम जी२०३०. स्कॅन केलेल्या कागदांवरचं मराठी वाचणारा एक प्रोग्राम तयार फाइल म्हणून पुण्याहून आला होता. आय-३ वर तो सुरळीत चालला. पेंटियमवर एंटर दाबताच लिनक्सने ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढंच छापलं आणि खेळ खल्लास.

आधी रॅम बदलून झाली, कारण आपल्याकडे कॉम्प्युटरचं कुठलंही दुखणं रॅमपासून सुरू होतं. रॅम बिचारी निर्दोष होती. प्रोग्राम ज्याने बनवला त्याने कंपायलरला ‘एव्हीएक्स गृहीत धर’ असं सांगून ठेवलं होतं. एव्हीएक्स म्हणजे २५६ बिटांच्या रुंद रजिस्टरांवर एका फटक्यात आठ दशांश संख्यांचं गणित करणाऱ्या आज्ञा. इंटेलने त्या २०११ मध्ये आणल्या, पण स्वस्त पेंटियममध्ये पुढची बरीच वर्षं दिल्या नाहीत. न शिकवलेली आज्ञा समोर आली की प्रोसेसर अंदाज बांधत बसत नाही. थेट ऑपरेटिंग सिस्टीमकडे तक्रार करतो आणि ती प्रोग्राम बंद पाडते.

म्हणजे प्रोग्रामने आधी विचारायला हवं. त्यासाठी सीपीयूआयडी नावाची आज्ञा आहे. १९९३ च्या पेंटियमबरोबर आणि उशिराच्या काही ४८६ मध्ये ती आली. त्याआधी प्रोग्रामर फ्लॅग रजिस्टरमधला एखादा बिट उलटवून पाहत आणि तो उलटला की नाही यावरून प्रोसेसरची पिढी ताडत. सीपीयूआयडी आहे की नाही हेसुद्धा तसंच कळतं: एकविसावा बिट (बिटांची मोजणी शून्यापासून) उलटता आला तर आहे.

क्लासमधल्या पेंटियमवर सी भाषेतला दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. ईएएक्स या रजिस्टरमध्ये प्रश्नाचा क्रमांक म्हणून शून्य ठेवून विचारलं, तर ईबीएक्स या रजिस्टरमध्ये आलं ७५६ई६५४७. बाइट उलट्या क्रमाने वाचायचे: ४७, ६५, ६ई, ७५, म्हणजे जी, ई, एन, यू. मग ईडीएक्स, शेवटी ईसीएक्स. हाच क्रम, आणि तो चुकला की नावाची खिचडी होते. जोडून झालं ‘जेन्युइनइंटेल’. ईएएक्समध्ये याच वेळी सर्वांत मोठ्या प्रश्नाचा क्रमांक येतो, तो टिपून ठेवावा. त्यापलीकडचं विचारलं तर इंटेलचे प्रोसेसर ‘माहीत नाही’ म्हणत नाहीत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बिनदिक्कत पुढे करतात.

शेजारी उभ्या असलेल्या मुलाने विचारलं, “मग सर, मॉडेलवरूनच ओळखू की. पेंटियम असला तर जुना मार्ग, आय-३ असला तर नवा.” उत्तरादाखल दोन्ही मशीनवर प्रश्न क्रमांक १ चालवला. ईएएक्समध्ये दोन्हीकडे ३०६ए९. कुटुंब ६, मॉडेल ५८, सगळं तंतोतंत सारखं. फरक होता तो ईसीएक्सच्या अठ्ठाविसाव्या बिटात: आय-३ मध्ये १, पेंटियममध्ये ०.

आडनावावरून माणूस जोखणाऱ्यांची जी गत होते, तीच इथे. इंटेलच्या कंपायलरने बांधलेले प्रोग्राम कैक वर्षं क्षमतेआधी कंपनीचं नाव बघत आणि एएमडीच्या प्रोसेसरला, त्याला येत असलं तरी, संथ मार्गावर पाठवत. डेन्मार्कच्या अ‍ॅग्नर फॉग यांनी हे पुराव्यानिशी मांडलं. २०१० मध्ये इंटेलने अमेरिकेच्या व्यापार आयोगाबरोबर केलेल्या तडजोडीतही कंपायलरचा विषय आला. व्हिया कंपनीच्या नॅनो प्रोसेसरचं नाव बदलता येत असे. २००८ मध्ये तो ‘इंटेल’ म्हणून ओळख सांगू लागताच एका गाजलेल्या चाचणीत मेमरीचे गुण वाढले. प्रोसेसर तोच, वेग तोच!

पण अठ्ठाविसाव्या बिटात १ दिसला म्हणून लगेच हुरळू नये. इथेच अनेकांचं चुकतं. ऑपरेटिंग सिस्टीम एका कामावरून दुसऱ्यावर जाताना रजिस्टरं जपून ठेवते. रुंद रजिस्टरं जपायची हे तिला ठाऊकच नसेल, तर निम्मी संख्या वाऱ्यावर. विंडोज ७ ला ही समज सर्व्हिस पॅक १ पासून आली. म्हणून सत्ताविसावा बिटही पाहायचा. तो १ असेल तरच एक्सगेटबीव्ही ही आज्ञा द्यायची आणि उत्तरातले (शून्यापासून मोजून) पहिला आणि दुसरा हे दोन्ही बिट १ आहेत का ते बघायचं. क्रम उलटा केला, तर तपासणारा प्रोग्रामच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत मरतो. एव्हीएक्सच्या पुढच्या आवृत्तीसाठी, म्हणजे एव्हीएक्स-२ साठी, प्रश्न ७, पण ईसीएक्समध्ये आठवणीने शून्य ठेवून.

जीसीसी या कंपायलरमध्ये यातलं बरंच काही एका तयार फंक्शनमागे मिळतं, आणि रोजच्या वापरात तेच वापरावं. लिनक्सवरची सी लायब्ररी तर कुठलाही साधा प्रोग्राम सुरू होताना ही चौकशी मुकाट्याने उरकते आणि मेमरी कॉपी करायचं सोयीचं फंक्शन निवडते. चौकशी एकदाच करून उत्तर जपून ठेवायचं. व्हर्च्युअल मशीनमध्ये हा प्रश्न मधला हायपरवायजर, म्हणजे ते मशीन चालवणारा प्रोग्राम, अडवतो आणि उत्तरही तोच देतो, त्यामुळे प्रत्येक ओळीला विचारत बसलं तर वेळ तिथेच जातो.

पुण्याहून सोर्स मागवला. गणिताच्या फंक्शनच्या दोन आवृत्त्या बांधल्या, एक एव्हीएक्सची, एक साधी, आणि सुरुवातीला तपासणी घातली. आता पेंटियमही तेच कागद वाचतो. आय-३ चं पान आधी होतं, याचं पान जरा मागाहून.